पुण्यात जुन्या घड्याळांची किंमत काढून घेतली, त्याचा अनुभव (लांबलंय जरा)

आधीच सांगतो, दुकानाचं नाव देत नाहीये. दुकानातल्या काकांनीच बजावलंय, "नेटवर टाकू नका, आहेत तेवढीच गिऱ्हाइकं उरकत नाहीत." लक्ष्मी रस्त्याच्या आतल्या अंगाला एका पेठेत, जुन्या वाड्याचा पहिला मजला, खाली झेरॉक्सवाला, जिना इतका अरुंद की वरून कुणी उतरत असेल तर आपण मागं फिरायचं. ज्याला खरंच गरज आहे तो दोन घड्याळवाल्यांना विचारत विचारत पोचतो, मी पण तसाच पोचलो.

झालं असं की आण्णा, म्हणजे माझे आजोबा, मागच्या दिवाळीनंतर गेले. त्यांच्या कपाटात बिस्किटाचा पत्र्याचा डबा निघाला, त्यात चार घड्याळं. रोजच्या वापरातली एचएमटी जनता, एक बंद पडलेली टायटन, आण्णांच्या थोरल्या भावाची मिलिटरीतली वेस्ट एन्ड आणि जिच्यावरून आमच्या घरात गेली तीस वर्षं बोललं जातंय ती 'सोन्याची ओमेगा'. आण्णा मुंबईत फोर्टमध्ये एका पेढीवर कारकून होते, पेढीच्या शेटनी रिटायर होताना हातातली काढून दिली म्हणे. आत्याचं म्हणणं ती तिच्या नावानं ठेवलेली आहे. काकाचं म्हणणं असं कुठं लिहिलंय. बाबा म्हणाले आधी किंमत तरी काढा, मग भांडा. मग काय, काढायचीच आहे तर सगळ्यांचीच काढू म्हणून बाबांची फेवर ल्यूबा, काकाची सायको फाइव्ह आणि चुलतभावाने ऑनलाइन घेतलेली एचएमटी पायलट, अशी एकूण सात घड्याळं माझ्या गळ्यात पडली, कारण घरात "याला जरा कळतं त्यातलं" असा माझ्याबद्दल गैरसमज आहे.

सगळ्यात आधी मी एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. तिथल्या मुलीने फार गोड बोलून सांगितलं की जुनं कुठलंही घड्याळ आणा, नव्यावर सरसकट दहा टक्के. म्हणजे ओमेगा आणि बंद टायटन यांची किंमत एकच. बरं.

मग ऑनलाइन. एक जण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवून व्हॅल्युएशन करून देतो, ९९९ रुपये, चोवीस तासांत पीडीएफ. पीडीएफ आली, एकदम चकचकीत, सोनेरी बॉर्डर, खाली शिक्का. ओमेगासमोर लिहिलेलं, '१८ कॅरेट, अंदाजे ३ लाख'. उघडून बघितली नाही, वजन केलं नाही, केसवरचे, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचावरचे, शिक्के विचारले नाहीत, फक्त वरून काढलेल्या फोटोवरून. मी गाढवासारखी ती पीडीएफ फॅमिली ग्रुपवर टाकली. ती टाकायला नको होती. आत्याचा सात मिनिटांत फोन आला, आणि त्याच रात्री चुलतभावाने ती हॉलिवूडचा नट पॉल न्यूमनच्या रोलेक्सची बातमी टाकली, २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलेली. झालं, आता प्रत्येकाला आपल्या मनगटावर लिलाव दिसायला लागला.

तर मग हे घड्याळवाले काका. पहिलं आश्चर्य म्हणजे किंमत काढायचं काम ते दुपारी एक ते चार याच वेळात करतात. पुण्यात! कारण त्या वेळात दुकानात कुणी येत नाही आणि डोकं शांत असतं. फोन करून दिवस घ्यायचा. दर घड्याळामागे ३०० रुपये, त्यात मागचं झाकण उघडून मशीन बघणं आलं, चाल मोजायच्या यंत्रावर लावून बघणं आलं आणि तोंडी सगळं समजावून सांगणं आलं. सर्व्हिसिंग त्यात नाही. आणि एक गोष्ट त्यांनी मी बसायच्या आधीच सांगितली, जी मला सगळ्यात जास्त आवडली: "मी ज्याची किंमत काढतो ते घड्याळ मी विकत घेत नाही. माझ्या ओळखीच्याला पण पाठवत नाही. पटत असेल तर डबा उघडा." जुनी वस्तू घेऊन बाजारात हिंडलेल्या माणसाला या वाक्याचं मोल कळेल, कारण बाकी सगळीकडे किंमत सांगणारा आणि घेणारा एकच असतो.

मग त्यांनी विचारलं, "किंमत कशासाठी पाहिजे?" मी म्हटलं किंमत म्हणजे किंमत, कशासाठी म्हणजे काय. तर म्हणाले तसं नसतं, व्यापारी आज रोख देईल तो एक भाव, शौकीन माणूस हौसेनं देईल तो दुसरा, आणि हरवलं तर तसंच परत मिळवायला तुम्हाला जे मोजावे लागतील ते तिसरेच. वाटणी करायची असेल तर सगळ्या घड्याळांना एकच कुठला तरी भाव धरा, एकाला हा आणि दुसऱ्याला तो असं केलंत की भावाभावात कोर्टकचेरी. त्यांनी पावतीपुस्तकाच्या मागच्या बाजूला तीन रेघा मारून तीन कॉलम पाडले आणि डोळ्याला भिंग अडकवलं.

जनता आधी घेतली. तिला दोनच मिनिटं लागली, पण तेवढ्यात त्यांचा चेहरा खुलला. डायलवर देवनागरीत 'जनता' लिहिलेलं, डायल थोडं पिवळट पडलेलं, काच चरे पडून धुरकट, आत एचएमटीचं १७ ज्वेलचं (झीज कमी करायला बसवलेले खडे) ०२३१ नंबरचं मशीन. "याला कुणी हात लावलेला नाही," म्हणाले. चाल मोजायच्या छोट्या माइकवाल्या यंत्रावर ठेवली, स्क्रीनवर ठिपक्यांच्या दोन रेघा सरकायला लागल्या, दिवसाला अठरा सेकंद पुढे. साठ-सत्तरच्या दशकातल्या चावीच्या घड्याळाला हे झकास म्हणे. किंमत? दीड ते दोन हजार. मी जरा पडेल आवाजात "एवढीच?" म्हटलं तर म्हणाले, अहो एचएमटीने १९६१ पासून, जपानच्या सिटिझनची मदत घेऊन, पोत्याने घड्याळं काढली, घराघरात एक होतं, जे घराघरात असतं त्याला भाव कसा येणार. २०१६ ला सरकारने एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करायचं ठरवलं तेव्हा लोक हळवे झाले आणि थोडे भाव चढले, पण जुन्या मालाचा साठा एवढा आहे की लाखात वगैरे कुणी सांगत असेल तर त्याला नमस्कार करा.

याच्यावरूनच पायलटचा विषय निघाला. चुलतभावाने ती ४२०० ला ऑनलाइन घेतलेली, काळं डायल, विमानाचं चित्र, एकदम नवी कोरी दिसणारी. काकांनी उघडायच्या आधीच मान हलवली. मग भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले बघा. मी बघितलं तर विमानाचे पंख सुजल्यासारखे, 'पायलट'ची अक्षरं जाडजूड, आणि मिनिटाच्या रेघा खिळ्यांसारख्या, काही रेघा काट्याच्या टोकाखाली येतात, काही बाजूला सरकलेल्या. वर शाई एवढी चमकत होती की जणू काल सकाळी छापलीय. गंमत अशी की जनता आणि पायलट दोन्हीमध्ये तेच ०२३१ मशीन. म्हणजे कुठल्यातरी भंगारातल्या जनताला नवं काळं डायल लावा, केस बफ मारून चमकवा, झाली पायलट, दीड हजाराची चार हजाराला. परदेशातले घड्याळवेडे असल्या मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, इथं बसून आपल्या मुंबईचं नाव असं ऐकायला मिळालं. यातली सगळ्यात जास्त रंगीबेरंगी ती सायको फाइव्ह असते म्हणे, जांभळं डायल, नारिंगी काटे, सायकोनं आयुष्यात कधी काढलेली नाहीत असली. भावाच्या घड्याळासमोर काकांनी १००० लिहिलं आणि पुढं कंसात 'मशीनचे'.

सायको फाइव्ह मात्र खरी निघाली, आणि ती तपासण्याची पद्धत मला एवढी आवडली की घरी येऊन मी तीन जणांना दाखवली. काका, म्हणजे माझा काका, मस्कतला होता, तिकडून आणलेली. आजपर्यंत आम्ही त्याला चिडवायचो की ही तू भेंडी बाजारातून घेतलीस. घड्याळवाल्यांनी मागचं झाकण पालथं घातलं. तिथं एक नंबर असतो, ७००९ पासून सुरू होणारा, ते मशीन. आणि दुसरा सहा आकडी नंबर, त्यातला पहिला आकडा साल आणि दुसरा महिना. एक ते नऊ म्हणजे जानेवारी ते सप्टेंबर, ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला इंग्रजी एन, डिसेंबरला डी. आमच्यावर '८एन'. साल मात्र फक्त शेवटचा आकडा सांगतं, दशक आपण ओळखायचं, म्हणजे १९७८ किंवा १९८८ चा नोव्हेंबर. काका १९८१ ला परत आला, तेव्हा ७८ च. मग त्यांनी चावी बाहेर ओढून वार फिरवला, आणि इंग्रजी वारानंतर खिडकीत अरबी अक्षरं आली. गल्फच्या बाजारासाठी काढलेल्या घड्याळांत वाराची चकती इंग्रजी-अरबी असते. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्या चकतीकडं कुणी नीट बघितलंच नव्हतं, कारण घेतल्या दिवशी इंग्रजीवर सेट करून ठेवलेली. मी तिथूनच काकाला फोन लावून सॉरी म्हटलं. किंमत तीन ते साडेतीन हजार.

आता आमच्या घरातली दुखरी नस. बाबांची फेवर ल्यूबा सी किंग. माझ्या आजोळच्या आजोबांनी लग्नात दिलेली. फेवर ल्यूबा स्वित्झर्लंडची १७३७ पासूनची कंपनी, आणि १८६५ पासून हिंदुस्थानात व्यापार, त्यामुळे आपल्याकडं लग्नात जावयाला द्यायची मानाची चीज होती, आजही जुन्या लोकांना ओमेगाच्या आधी हे नाव आठवतं. तर दोन वर्षांपूर्वी बाबांच्या पंच्याहत्तरीला मी मोठ्या हौसेनं ती 'नवीन करून' दिली. डायलवर डाग पडले होते, कडेला हिरवट झालं होतं. एका घड्याळवाल्याकडे टाकली, तो म्हणाला एकदम शोरूमसारखी करून देतो, १८०० घेतले आणि खरंच शोरूमसारखी करून दिली. बाबांच्या डोळ्यात पाणी आलं होतं तेव्हा. मला वाटलं मी केवढा शहाणा.

काकांनी ती हातात घेतली, भिंगातून बघितली, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "डायल कधी रंगवून घेतलं?"

मी म्हटलं कसं ओळखलंत. त्यांनी भिंग दिलं, चिमट्याच्या टोकानं दाखवलं. तासांच्या ज्या उभ्या चांदीच्या पट्ट्या आहेत, त्यांच्या बुडाशी रंग चढलेला, पावसाळ्यात भिंतीला ओल चढते तसा. सहाच्या खाली बारीक 'स्विस मेड' असतं, त्यातलं 'स्विस' थोडं वर आणि 'मेड' थोडं खाली. ते वाळूच्या घड्याळाचं चिन्ह असतं ना कंपनीचं, त्याची कंबर नुसती एक रेघ झालेली. आणि केसचे चारही कान, जिथं पट्टा अडकतो ते, बफ मारून गोटीसारखे गुळगुळीत, मूळचे त्याला कडक धारेचे कोपरे असतात. मी विचारलं जुनं डायल परत मिळेल का, त्या माणसाकडे असेल का. तर म्हणाले, अहो जुनं वेगळं राहत नाही, तेच घासून, धुवून, त्याच पत्र्यावर नवीन छापतात. तुमचं जुनं डायल गटारात गेलं.

डाग असलेली असती तर बारा-पंधरा हजार. आता चार, फार तर पाच. १८०० रुपये देऊन मी आठ-दहा हजार घालवले, आणि वर बाबांकडून कौतुक करून घेतलं. मशीन मात्र उत्तम आहे म्हणाले, ते मूळचं, सगळे स्क्रू जाग्यावर, खाचा खराब न झालेले. स्क्रूच्या खाचा बघायच्या हे पण मला नवीनच, ज्याच्या स्क्रूची डोकी चरे पडून पांढरी झाली असतील ते घड्याळ दहा जणांनी उघडलंय असं समजायचं.

त्यांनी मग एक चक्रम पण मजेदार गोष्ट केली, ड्रॉवरमधून दोन सुटी डायलं काढली, एक डागाळलेलं आणि एक रंगवलेलं, आणि मला ओळखायला लावलं. मी चुकलो. डागाळलेलंच रंगवलेलं निघालं, आजकाल लोक जुनं दिसावं म्हणून चहाच्या पाण्याचा रंग देतात म्हणे. म्हणजे माझ्यासारख्यांनी चार व्हिडिओ बघून स्वतः खरेदी करू नये.

वेस्ट एन्डचा किस्सा वेगळा. सोवार प्राइमा. जुन्या फौजी घरांमध्ये हमखास सापडणारं घड्याळ, घोड्यावरच्या शिपायाचं नाव असलेलं, आमचे थोरले आण्णा मराठा लाइट इन्फन्ट्रीत बेळगावला होते. मागच्या झाकणावर हाताने कोरलेला त्यांचा नंबर आणि आद्याक्षरं. मी विचारलं याने भाव पडतो का. साधारण पडतो म्हणाले, दुसऱ्याच्या बापाचं नाव हातावर कोण घालेल. पण नंबर फौजेचा असेल आणि त्याला जोडून डिस्चार्जचा कागद, फोटो असं काही असेल तर उलटं होतं. ती न्यूमनची रोलेक्स पण मागं कोरलेलीच होती की, बायकोनं कोरून घेतलेलं, गाडी जपून चालव म्हणून. पण ते बायकोनं न्यूमनला कोरून दिलं होतं, तुमच्या आण्णांना नाही, त्यामुळं फार उड्या मारू नका, असंही वर म्हणाले. या माणसाला प्रत्येक वाक्याला एक चिमटा काढायची सवय आहे, त्याची तयारी ठेवून जा.

सोवारचे काटे तपकिरी पडलेत. मी म्हटलं रेडियम उडालंय. तर म्हणाले उडालेलं नाही, तिथंच आहे, तेच तर सांगायचंय. आपण चमकणाऱ्या सगळ्याला रेडियम म्हणतो, पण यात खरंच रेडियम आहे, किरणोत्सर्गी. ते निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात, चमक गेली कारण त्यात मिसळलेली चमकणारी पावडर थकली, रेडियम जागेवर. हातात घालायला हरकत नाही, पण काच काढून खरवडायचं नाही, फुंकर मारायची नाही, पोराबाळांच्या हातात उघडं द्यायचं नाही. नंतरच्या घड्याळांत रेडियमऐवजी ट्रिटियम आलं, त्या डायलवर खाली 'टी' अक्षर असतं. त्यांनी सोवारचं फक्त मागचं झाकण उघडलं आणि परत देताना वेगळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून दिली. व्यापारी पाच हजार, शौकीन आठ, कागद सापडले तर पुढं.

मग ओमेगा.

मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. खिशात फोन व्हायब्रेट होत होता, आत्या. काकांना पीडीएफ दाखवली. त्यांनी ती वाचली, चष्मा पुसला, परत वाचली आणि "छान प्रिंटिंग आहे" एवढंच म्हणाले. मग पट्टा काढला. पट्टा काढल्यावर कानांच्या आतल्या बाजूला, जिथं कुणी कधी बघत नाही तिथं, अगदी बारीक शिक्का, २० मायक्रॉन. म्हणजे मुलामा. जाड मुलामा, चांगल्या प्रतीचा, पण मुलामा. १८ कॅरेट सोन्याची असती तर झाकणाच्या आत ७५० किंवा १८ के असा शिक्का असता, आणि झाकण स्टीलचं नसतं. हे झाकण स्टीलचं आहे हे तर साध्या डोळ्यांनी दिसत होतं, पिवळं नाहीच ते, पांढरं आहे, त्यावर समुद्री घोडा. तीस वर्षं घरातल्या प्रत्येकाने ती हातात घेऊन उलटसुलट केलीय, मी पण. कुणाला प्रश्न पडला नाही की सोन्याच्या घड्याळाची पाठ पांढरी कशी. कानांच्या टोकाला मुलामा झिजून आतलं पितळ लालसर दिसतंय, ते आम्ही 'जुनं सोनं असंच दिसतं' म्हणून समजायचो.

पण झाकण उघडल्यावर मात्र मी गप्पच झालो. आत सगळं तांबूस गुलाबी, तांब्याच्या नव्या भांड्यासारखं, साठ वर्षं जुनं वाटेचना. कॅलिबर (म्हणजे मशीनचा प्रकार) ६०१, चावीचं, १७ ज्वेल, पुलावर, म्हणजे मशीनवरच्या पट्टीवर, २४० लाखांच्या घरातला सिरियल नंबर, म्हणजे साठच्या दशकाच्या मध्यावरचं. डायल मूळचं, हात न लावलेलं. काचेच्या बरोबर मधोमध, भिंगातूनच दिसेल एवढं, ओमेगाचं इवलंसं चिन्ह असतं, ते आहे, म्हणजे काच पण मूळची. चावी तेवढी बदललेली, साधी, बिनचिन्हाची. माइकवर लावली तर चाल ठीक पण झोल, म्हणजे आतल्या चाकाचा हेलकावा, कमी, १८० अंश, निरोगी मशीन २७० च्या आसपास दाखवतं. तेल सुकलंय. त्यांनी लगेच चावी देणं थांबवलं, म्हणाले सुकलेल्या तेलावर रोज पळवलीत तर आतले दांडे घासतील, आधी ओव्हरहॉलिंग, साधारण ३५०० धरा, मग वापरा. आणि बफ अजिबात मारायचा नाही, झिजलेल्या मुलाम्यावर बफ मारला की उरलेलं पण जाईल, नवीन मुलामा तर स्वप्नात पण नको.

व्यापारी पंचवीस, शौकीन पस्तीस ते चाळीस हजार. तीन लाख नाही. पण माझ्या मते ही काही वाईट बातमी नाही, ३०० रुपये देऊन खरा आकडा कळला. सोनाराकडे नेली असती तर त्याने कसाला लावून घासली असती आणि वर म्हणाला असता यात मोडीत काही येत नाही. मशीनकडे त्याने बघितलंच नसतं.

टायटनच्या सेलने आत गळून सर्किट खाल्लंय. तिचे त्यांनी पैसेच घेतले नाहीत, त्यामुळं एकूण १८०० झाले. यूपीआय चालतं. योगायोग बघा, डायल रंगवायला पण १८०० च दिले होते.

आता तक्रारी. एक, लेटरहेडवर काही मिळत नाही. ज्याला इन्शुरन्ससाठी किंवा कोर्टात दाखवायला कागद पाहिजे त्याचं हे ठिकाण नाही, पावतीपुस्तकाच्या पाठीवरचे तीन कॉलम कुठलीच कंपनी मानणार नाही, मी विचारलं तर म्हणाले मग सरकारमान्य व्हॅल्युअरकडे जा. दोन, त्यांना सेलची आणि डिजिटल घड्याळं कळत नाहीत आणि कळून घ्यायचीही नाहीत. चुलतभावाने स्वतःचं शाळेतलं कॅल्क्युलेटरवालं कॅसिओ पण पाठवलं होतं, ते त्यांनी बोटाने टेबलच्या कडेला सरकवलं, "हे खेळणं आहे." त्या खेळण्याला भावाला पुढच्या महिन्यात २८०० मिळाले, त्यामुळं तिथं काका चुकले हे नोंदवून ठेवतो. तीन, वेळ. सात घड्याळांना जवळजवळ तीन तास, मधे पंखा बंद, कारण बारीक स्क्रू उडतात. उन्हाळ्यात जाऊ नका. चार, बोलणं. मी एकदा म्हटलं की नेटवर असल्याच ओमेगाला एक जण ९० हजार मागतोय, तर म्हणाले, "मागायला काय जातंय, मी पण शनिवारवाडा मागतो. कुणी दिले का ते बघा." यात त्यांचं खरं आहे, विकून गेलेल्या मालाचे भाव वेगळे दिसतात, पण हे जरा बऱ्या शब्दात पण सांगता आलं असतं.

आणि एक सल्ला त्यांनी न मागता दिला तो मला पटला, जुन्या बाजारात, म्हणजे आपला बुधवार-रविवारचा, तिथं घड्याळं विकायला नेऊ नका, बघायला जरूर जा. तिथं गर्दीत मागचं झाकण उघडायला कुणी देत नाही आणि न उघडलेल्या घड्याळाची किंमत म्हणजे झाकलेल्या कुकरमधली भाजी. आपल्याला मुलाम्याची आणि डायलची पारख नसेल तर मुंबईला चोर बाजारात पण तेच.

साडेचार तारे देईन. अर्धा त्या कॅसिओचा कापला.

घरी जाऊन बाबांना सांगायचं कसं हा प्रश्न होता. सांगितलं, डायलचं पण सांगितलं, आकड्यासकट. ते म्हणाले बरं झालं, आता बिनधास्त रोज घालता येईल, पंधरा हजाराची असती तर कपाटात ठेवावी लागली असती. आणि घातली हातात आणि भाजी आणायला गेले.

आत्याला फोनवर मायक्रॉन, मुलामा, स्टीलची पाठ, सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली तुम्हा लोकांना बनवलंय त्या माणसानं, मी स्वतः येते, माझ्यासमोर उघडू दे, मग बघू कशी नाही सोन्याची. येत्या गुरुवारची दुपारी दोनची वेळ घेतलीय. परत तीनशे रुपये पडणारेत, ते ती देणार आहे, आणि जिन्याचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.